जुनी गाडी घेताना सीट उचलून इंजिन बघा



गेल्या महिन्यात आपण याच वेळेला गटाचा माल बाजारापर्यंत कसा पोचवायचा यावर बोललो होतो. त्यानंतर चार-पाच गटांतून निरोप आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की भाड्याचा टेम्पो परवडत नाही, जुनी गाडी घ्यायची आहे, तर कुठली घेऊ? आणि लगेच पुढचा प्रश्न, "अमक्या कंपनीचं इंजिन कधी दगा देत नाही म्हणतात, ते खरं का?"

आम्हीसुद्धा एकेकाळी हाच प्रश्न घेऊन फिरत होतो. चहाच्या टपरीवर विचारलं, पाहुण्यांना विचारलं, बँकेत रांगेत उभ्या असलेल्यांनाही विचारलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि प्रत्येकजण छातीठोक. ज्याच्या दारात जी गाडी, ती सगळ्यात भारी. त्या सल्ल्यावर आम्ही एक गाडी घेतली आणि हात पोळून घेतले. मग दोन वर्षांनी दुसरी घेतली. आज या दोन्ही गाड्यांची गोष्ट सांगतो, म्हणजे इंजिनाचा भरवसा कशावरून धरायचा हे बोलता येईल.

आमचा गट अकरा जणींचा. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करतो. मंगळवेढ्याच्या भागात ज्वारीला तोटा नाही, आणि पंढरपूर जवळ असल्यामुळे गिऱ्हाइकालाही तोटा नाही. अडचण होती ती मधल्या रस्त्याची. एका खेपेला टेम्पोवाला बाराशे रुपये घ्यायचा आणि आषाढीच्या तोंडावर त्याच खेपेचे दोन हजार मागायचा. म्हणून बैठकीत ठराव झाला, बचतीतून आणि थोड्या कर्जातून एक लाख पंधरा हजाराची जुनी व्हॅन घेतली.

घेताना आम्ही काय बघितलं? रंग बघितला. सीटची कव्हरं नवी होती, ती बघितली. मागे किती क्रेट बसतात ते मोजलं. विकणाऱ्याने टेप लावून दाखवला, तोही ऐकला. टेपच्या आवाजात इंजिनचा आवाज ऐकायचा राहिला.

२०२२ च्या आषाढीला चार दिवस राहिले होते. गाडी भरून निघाली आणि मंगळवेढ्याबाहेर थोड्याच अंतरावर पुढून वाफ यायला लागली. ड्रायव्हर पोरगा नवीन. त्याने शेजारच्या शेतातल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि पुन्हा गाडी चालू केली. आणखी दोन किलोमीटर गेली आणि बंद पडली, ती पडलीच. मिस्त्रींनी बघून आधी सांगितलं, हेड गॅस्केट गेलं, अठरा हजार लागतील. इंजिन खोलल्यावर म्हणाले, हेड वाकलंय, पिस्टनच्या रिंगाही गेल्यात, बोअरिंग करावं लागेल, शेहेचाळीस हजार. गाडी पाच आठवडे गॅरेजमध्ये उभी. कडक भाकरी टिकली, गाडी टिकली नाही, असं आम्ही आज हसून सांगतो. तेव्हा हसू येत नव्हतं. गटातल्या एका मैत्रिणीने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलेलं होतं, बैठकीत मंजूरही झालं होतं. ते पैसे इंजिनात गेले. तिला दोन महिने थांबावं लागलं आणि तोवर तिने कानातलं गहाण टाकलं होतं.

आणि हो, विमा होता. पण साध्या विम्यात अपघाताची भरपाई असते, इंजिन झिजून किंवा तापून बंद पडलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत. हे आम्हाला विम्याच्या माणसाने नंतर सांगितलं. त्याचं चुकलं नाही, आम्हीच आधी विचारलं नव्हतं.

आता जरा इंजिनकडे बघू. घाबरू नका, कुकर वापरता येतो तिला हे समजतं. इंजिनच्या आत सिलिंडर असतात, त्यात पिस्टन वरखाली होतो. पिस्टनला लोखंडी रिंगा असतात. आत पेट्रोल किंवा डिझेल पेटलं की दाब तयार होतो, तो दाब बाजूने निसटू न देणं हे रिंगांचं काम. सिलिंडरच्या वर झाकण असतं, त्याला हेड म्हणतात, आणि झाकणाच्या फटीत गॅस्केट असतं. कुकरचं रबर गेलं की फसफस वाफ निघते आणि डाळ शिजत नाही, तसं रिंगा किंवा गॅस्केट गेलं की गाडीचा जोर जातो. फरक एवढाच, की कुकरचं रबर थोडक्या पैशात येतं.

या सगळ्याला दोन गोष्टी जिवंत ठेवतात. एक ऑइल, म्हणजे वंगण, आणि दुसरं थंड ठेवणारं पाणी, ज्यात कूलंट घातलेलं असतं. ऑइल वेळेवर बदललं नाही तर ते घट्ट होतं, त्यात काजळी साठते आणि आतले भाग एकमेकांवर घासतात. कूलंटऐवजी साधं पाणी, त्यातही आपल्याकडचं बोअरचं क्षारांचं पाणी, वर्षानुवर्षं घातलं तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत माठाच्या बुडाला बसतो तसा थर बसतो, आत गंज धरतो. मग पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, हेड वाकतं. आमच्या पहिल्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. ते आषाढीला झालं नाही, आधीच्या मालकाच्या दारातच अर्धं होऊन गेलं होतं. आम्ही फक्त उरलेलं अर्धं विकत घेतलं.

म्हणून कंपनीच्या नावावर फार वाद घालू नये असं आमचं मत झालं. काही इंजिनं जात्याच दणकट असतात, काही नाजूक, हे खरं आहे. पण गाडी सहा-सात वर्षं वापरून झाल्यावर, ती कुणाच्या हातात होती आणि त्याने ऑइल-पाणी कसं ठेवलं याला जास्त वजन असतं. दणकट इंजिन वाईट हातात गेलं तर संपतं. साधं इंजिन जपणाऱ्याकडे असलं तर दोन लाख किलोमीटरही निघतात.

दुसऱ्या वेळी, २०२४ साली, आम्ही आधी आमची गरज मांडली. आठवड्यात तीन-चार खेपा, बहुतेक पंढरपूरच्या, महिन्यातून दोन सोलापूरच्या. माल हलका पण जागा खाणारा. मग इंधन ठरवलं. यावर बरीच भांडणं झाली. "डिझेल इंजिन मरत नसतं" असं आमच्यातल्या दोघींचे मालक सांगत होते. डिझेल इंजिन जड मालाला आणि लांबच्या रोजच्या धावेला चांगलं, यात शंका नाही. पण त्याचा पंप, इंजेक्टर, टर्बो यांतलं काही गेलं तर खर्च मोठा, आणि नव्या यंत्रणेची कामं खेड्यातल्या गॅरेजमध्ये होत नाहीत. शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. त्यांतल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि एका वेगात पळावी लागते. गावातल्या गावात थांबत थांबत फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते. तुमचा गट रोज कांद्याची किंवा दुधाची लांबची खेप करत असेल तर डिझेलचा विचार जरूर करा. छोटा हत्ती म्हणून आपण जिला ओळखतो ती टाटा एस २००५ साली आली, तेव्हा तिला दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं छोटंसं डिझेल इंजिन होतं, आणि तशा जुन्या साध्या इंजिनाचं काम करणारे मिस्त्री अजून गावोगाव आहेत. आमच्या कामाला मात्र पेट्रोल बरं, असं ठरलं.

सीएनजीचं थोडक्यात सांगतो. कंपनीतून बसवून आलेली किट बरी. नंतर बसवलेली असेल तर तिची नोंद आरसीवर हवी, आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी झाल्याचा दाखला हवा. आणि गाडी पेट्रोलवरही चालवून बघा. पुष्कळ मालक वर्षभर गॅसवरच चालवतात, पेट्रोलचा पंप बसून गेलेला असतो, आणि ते आपल्याला गॅस संपल्यावर रस्त्यात कळतं.

तर आम्ही मालाची ईको शोधायला लागलो, पिवळ्या पाटीची. भाड्याने दुसऱ्या गटाचाही माल न्यायचा होता, त्यामुळे पांढऱ्या पाटीची गाडी चालणार नव्हती. ईकोच का? चार सिलिंडरचं सुमारे बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन आहे, आमच्या भागात पुष्कळ फिरतात, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आमच्या मिस्त्रींनी सांगितलं, "हिचा कुठलाही पार्ट मी तुम्हाला संध्याकाळपर्यंत आणून देतो." मैत्रिणींनो, हे वाक्य फार किमती आहे. इंजिन कधी ना कधी कुरकुरणारच. कुरकुरल्यावर गाडी एक दिवस उभी राहते की एक महिना, यावर गटाचा नफा-तोटा ठरतो. तुमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत जिचं काम कुणी करत नाही, ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही तरी घेणार नाही.

शेवटी दोन गाड्या हाताशी आल्या. दोन्ही ईको, दोन्ही २०१७ च्या. एक तालुक्याच्या ठिकाणी विक्रीला उभी, मीटरवर ४१ हजार किलोमीटर, किंमत दोन लाख दहा हजार. धुतलेली, पुसलेली, आरशासारखी. दुसरी एका बेकरीवाल्याची, घरगुती विक्री, मीटरवर १ लाख १२ हजार, किंमत दोन लाख पंचवीस हजार, दाराला पोचा. आमच्या बैठकीत नऊ जणी पहिल्या गाडीच्या बाजूने होत्या. साहजिक आहे. कमी चाललेली आणि वर स्वस्त.

आमच्या कोषाध्यक्ष अक्का सातवी शिकलेल्या, पण हिशोबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "सात वर्षांत एकेचाळीस हजार म्हणजे दिवसाला सोळा किलोमीटर. मालाची गाडी दिवसाला सोळा किलोमीटर कशी चालंल? मालक उपाशी मेला आसंल की." सगळ्या गप्प झाल्या. बेकरीवाल्याची गाडी याच हिशोबाने दिवसाला चव्वेचाळीस किलोमीटर पडत होती. गावोगाव पाव पोचवणाऱ्याला तेवढं लागतंच.

मीटर मागे फिरवता येतो, हे लक्षात ठेवा. डिजिटल असला तरी. म्हणून मीटरवर न जाता गाडीच्या अंगावर जायचं. क्लच आणि ब्रेकच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंग हाताने घासून चमकतंय का, गिअरच्या दांड्यावरचे आकडे पुसलेत का. आम्ही पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा पायट्याची रबरं कोरी करकरीत होती, आणि हाच संशय. चाळीस हजाराला रबरं बदलायची वेळ येत नाही. मग आमच्या एकीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आतल्या कडेला बघितलं. तिथे ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर होता, अर्धा खरवडलेला. पुढची सर्व्हिस किती किलोमीटरला, ते पेनाने लिहिलेलं: ७८,०००. विकणाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, ते दार दुसऱ्या गाडीचं बसवलंय. असेल बुवा.

तरी आम्ही इंजिन बघितलंच, शिकायला मिळतं म्हणून. तुम्हीही न घेण्याच्या दोन-तीन गाड्या आधी बघा, डोळा तयार होतो.

इंजिन थंड असताना बघायचं, हा पहिला नियम. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. गरम इंजिन आपले रोग लपवतं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, बॉनेट उघडून काही दिसत नाही. सीट उचलायची आणि हात जवळ नेऊन बघायचा. पहिल्या गाडीचं इंजिन सकाळी साडेआठला चांगलंच गरम होतं. आम्ही सांगूनही.

थंड असताना ऑइलची पट्टी बाहेर काढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. ते काळपट असलं तर लगेच घाबरू नका, वापरलेलं ऑइल काळं होतंच, डिझेलचं तर फार लवकर होतं. पण बोटात चोळल्यावर कचकच लागली, किंवा रंग दूध घातलेल्या चहासारखा दिसला, तर तिथून निघा. दुधी रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, गॅस्केट गेलंय किंवा त्याहून मोठं काही. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही असा साका असतो का बघा. मग रेडिएटरचं पाणी. इंजिन थंड आहे तेव्हाच झाकण उघडायचं, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. आत हिरवं, लाल किंवा निळं कूलंट दिसलं तर मालक जपणारा. गढूळ तपकिरी गंजाचं पाणी दिसलं तर त्याने बोअरवर भागवलंय. वर तेलाचा तवंग असेल तर निघा.

आता किल्ली फिरवा, पण लगेच चालू करू नका. समोर लाल-पिवळे दिवे लागतात, त्यात इंजिनच्या चित्राचा दिवा आणि तेलाच्या किटलीचा दिवा लागलाच पाहिजे. गाडी चालू झाल्यावर ते विझले पाहिजेत. आधी लागलाच नाही तर कुणीतरी तो दिवा बंद केलेला असू शकतो. आम्ही तरी असं घडलेलं मिस्त्रींकडून ऐकलंय.

गाडी चालू झाली की एकीने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि जाते, ती चालते. पण इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर पाणी आत जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवेचा फिल्टर तुंबलाय, हे पुष्कळदा थोडक्यात दुरुस्त होतं. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते, रिंगा किंवा वरचे सील गेलेत. हा धूर लगेच दिसेलच असं नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, मग एकदम ॲक्सिलरेटर द्यायचा, तेव्हा मागून निळा लोट निघतो. तेवढा वेळ विकणारा चुळबुळ करतो, करू द्यावी.

त्याच वेळी मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण हलकेच उघडलं. आतून थोडी धुगधुगी येते, ती सगळ्याच जुन्या गाड्यांना असते. पण पहिल्या गाडीत झाकण हातातून उडतंय की काय असा दाब होता. याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगा गेल्या की वरचा दाब खाली निसटतो, तो असा झाकणातून बाहेर येतो. इंजिन खोलायची वेळ जवळ आलीय असं समजायचं.

आवाजाचं सांगते तुमच्यातली कुणी शिवणयंत्रवाली असेल तर तिला लगेच कळेल. वरून येणारी हलकी टिकटिक बहुतेक वेळा जुळवणीने जाते. खालून येणारा ठोका, ॲक्सिलरेटर दिला की वाढणारा, तो वाईट. तो ऐकून किंमत कमी करून घेण्याच्या मोहात पडू नये, कारण त्याचं काम किती निघेल हे खोलल्याशिवाय मिस्त्रीही सांगू शकत नाही.

बेकरीवाल्याची गाडी आम्ही दुसऱ्या दिवशी बघितली. इंजिन थंडगार. पट्टीवर ऑइल काळपट पण स्वच्छ, कूलंट हिरवं. चालू होताना क्षणभर खडखडली, मग शांत. आणि त्याने न मागता एक प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली, त्यात सात वर्षांच्या पावत्या. ऑइल, फिल्टर, प्लग, एकदा पाण्याचा पंप, एकदा क्लच प्लेट. पावत्यांवरचे किलोमीटर ओळीने चढत गेलेले, मध्ये कुठे उडी नाही की उतार नाही. काही पावत्यांना पिठाचे हात लागलेले. अक्कांनी त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि वहीत उतरवून घेतल्या. पाण्याचा पंप बदललेला वाचून एक जण म्हणाली, "म्हणजे ही पण बिघडलेली आहे की." आम्ही म्हटलं, बिघडलेली आणि वेळेवर दुरुस्त केलेली. जिच्यावर सात वर्षांत काहीच खर्च झाला नाही असं सांगतात, तिची जास्त भीती वाटायला पाहिजे.

मग चालवून बघितली, आणि रिकामी नाही. आम्ही येतानाच ज्वारीची सहा पोती आणली होती, तीनशे किलो. बेकरीवाला हसला, पण नाही म्हणाला नाही. भरलेली गाडी नदीच्या पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये घातली. दम तोडत नाही ना, मिसिंग मारत नाही ना, तापत नाही ना हे बघितलं. अर्ध्या तासाने परत आणून बंद केली आणि लगेच पुन्हा चालू केली. काही गाड्या थंड असताना नीट चालू होतात आणि गरम झाल्या की हटून बसतात. दर थांब्यावर माल उतरवणाऱ्या गाडीला ते चालत नाही. शेवटी गाडी उभी होती तिथे खाली पुठ्ठा टाकून ठेवला, पंधरा मिनिटांनी बघितला. दोन थेंब ऑइल. मिस्त्री म्हणाले, सीलचं आहे, हजार-बाराशेचं काम.

सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन तपासलं. प्लग काढून त्या जागी दाब मोजायचं घड्याळ लावतात आणि इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब बघतात. आकडा किती हे गाडीगाडीवर असतं, तो मिस्त्रींना माहीत असतो. आपण एवढंच बघायचं, की चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत ना. एखादा बाकीच्यांहून बराच खाली असेल तर त्या सिलिंडरला रोग आहे. बेकरीवाल्याच्या गाडीचे चारही जवळजवळ सारखे आले. मिस्त्रींनी संगणकाला जोडायचं छोटं यंत्रही लावून साठलेल्या बिघाडांच्या नोंदी बघितल्या. हे यंत्र उपयोगी आहे, पण त्याच्यावरच विसंबू नका. नोंदी पुसता येतात.

मिस्त्रींना आम्ही या दोन दिवसांचे दीड हजार रुपये दिले. त्यावर बैठकीत नाराजी झाली होती, की नुसतं बघायचे एवढे? पण मिस्त्री आपल्या ओळखीचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि त्याची मजुरी आपण द्यायला हवी. फुकट बघणारा कुणाच्या बाजूने बघतो ते सांगता येत नाही.

पासिंग झालेलं आहे, पीयूसी आहे, म्हणजे इंजिन चांगलं, असंही धरू नका. पीयूसीमध्ये धूर तपासतात, पासिंगमध्ये ब्रेक, दिवे, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ते बघतात. रिंगा किती उरल्यात हे कुणी बघत नाही. मालाच्या गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी पासिंग लागतं, तो खर्च मात्र हिशोबात धरा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चेसिस आणि इंजिनवरचे नंबर आरसीशी जुळतात का, हे एमपरिवहन ॲपवर आणि प्रत्यक्ष गाडीवर बघून घ्या. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बोजा उतरवायला ३५ नंबरचा. कागदांवर एक वेगळा कार्यक्रम करू, आज इंजिनपुरतंच.

एक राहिलं. फार दिवस उभी असलेली गाडी. "अहो, घरातच होती, चाललीच नाही" असं कौतुकाने सांगतात. वर्ष-दोन वर्षं उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, बॅटरी बसते आणि वायरी उंदीर कुरतडतात. आमच्या शेजारच्या गटाने अशी गाडी घेतली तर सीटखाली उंदराची पिल्लं निघाली. गाडी घ्यायचीच असेल तर या सगळ्याचा खर्च धरून घ्या.

व्यवहार दोन लाख सतरा हजारात मिटला. दोन लाख पस्तीस हजारांचा ठराव होता, त्यातले उरलेले अठरा हजार आम्ही वेगळे ठेवले, हे बेकरीवाल्याला अर्थातच सांगितलं नाही. घेतल्या दिवशीच ऑइल, दोन्ही फिल्टर, प्लग, कूलंट, पट्टे आणि तो गळका सील बदलून टाकला. पावत्या कितीही खऱ्या असल्या तरी आपला हिशोब आपल्या तारखेपासून सुरू होतो. सगळं मिळून अकरा हजार चारशे झाले. उरलेले सहा हजार सहाशे गाडीच्या नावाने वेगळे आहेत आणि दर खेपेमागे पन्नास रुपये त्यात पडतात. त्या पैशाला कुणी हात लावायचा नाही असा ठराव आहे, आणि कर्जाच्या पैशाला गाडीसाठी हात लावायचा नाही असाही ठराव आहे. दुसरा ठराव त्या नर्सिंगवाल्या मुलीच्या आईने मांडला होता. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे.

गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर एक वही दोरीने टांगली आहे. सकाळी ऑइलची पट्टी बघायची, पाणी बघायचं आणि सही करायची. काटा किंवा तापण्याचा दिवा वर गेला तर जिथे असेल तिथे गाडी बंद करून थांबायचं, माल गेला तरी चालेल, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पोरगा तोच आहे, आषाढीला पाणी ओतणारा. परवा वही बघितली तर एका दिवशीची सही राहिली होती. अक्कांनी त्याच्या पगारातून दहा रुपये कापले आणि ते गाडीच्या डब्यात टाकले.